आमचा पाऊस हितं पडतोय

आंबोलीला जायचं ठरलं ते आईच्या एका वाक्यामुळं. जून संपत आला होता, टीव्हीवर घाटातल्या धबधब्याची बातमी लागली होती आणि पोरंपोरी पाण्याखाली उभी राहून ओरडत होती. आई शेंगा फोडता फोडता थांबली आणि म्हणाली, "एवडं पानी खरंच आसतंय का गं, का टीव्हीवालं दावत्यात?"

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. जन्म आटपाडी तालुक्यातला आणि लग्न होऊन गेली तीही त्याच तालुक्यात. माणदेशात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही दरवर्षी पडेलच असं नाही. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. सुकडी कशी लागायची, लाल मिलोची भाकरी कशी तुटायची, हे तिला आजही जसंच्या तसं आठवतं. पाणी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं घागर येते, टँकर येतो, विहिरीवरची पाळी येते. डोंगरावरून पाणी असं मोकाट कोसळतं आणि त्याला कुणी अडवत नाही, हे तिला पटतच नव्हतं. आणि मी तिची मुलगी, वीस वर्षं कोल्हापुरात नोकरी करतेय, आंबोली इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, तरी तिला कधी घेऊन गेले नव्हते. त्या दिवशी मला ते फार लागलं.

जुलैचा तिसरा आठवडा धरला आणि मुद्दाम मंगळवार ते गुरुवार अशी सुट्टी टाकली. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, धबधब्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. वयस्कर माणसाला घेऊन त्या गर्दीत शिरायची माझी तयारी नव्हती. आठवड्याच्या मधे गेलं की खोलीही जवळपास निम्म्या भाड्यात मिळते. फोन करून मी चारच गोष्टी विचारल्या: खोलीपर्यंत पायऱ्या किती, संडास कमोडचा आहे का, लाईट गेली तर गरम पाण्याची सोय काय, आणि रात्रीचं जेवण तिथंच मिळेल का. पहिल्या तिघांनी फक्त 'व्हॅली व्ह्यू आहे मॅडम' एवढंच सांगितलं. चौथ्यानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, तिथं पैसे भरले.

गाडी करण्यापेक्षा एसटीनं जाऊ, असं आईच म्हणाली. गडहिंग्लज, आजरा करत सावंतवाडीला जाणारी गाडी पकडली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे आणि बायकांना अर्धं तिकीट. आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड कंडक्टरनं मागायच्या आधीच बाहेर काढलं. आपल्या नावाचं शून्य रुपयांचं तिकीट तिनं नीट घडी करून कनवटीला लावलं. प्रवासभर ते तिथंच होतं.

आजऱ्याच्या अलीकडं-पलीकडं रोप लावण चालू होती. हा घनसाळ भाताचा मुलूख, चिखलात वाकलेल्या बायका, पाठीवर निळे-पिवळे प्लॅस्टिकचे कागद, एखाद्या म्हातारीच्या डोक्यावर अजून इरलं. आईनं उभ्या जन्मात ज्वारी-बाजरी केली. गुडघाभर पाण्यात उभं राहून रोप लावायचं हे तिला नवं होतं. "पाय कुजत न्हाईत का त्यांचं?" एवढंच विचारलं आणि मान वळवून शेवटचं शेत दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग धुकं सुरू झालं. खिडकीच्या काचेतून काही दिसेना, तेव्हा तिनं हात बाहेर काढला, ओला झालेला तळवा बघितला आणि तोंडावरून फिरवला.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आटपाडीच्या चौदापट म्हणा ना. हे आकडे मी घरी वाचलेले होते, पण स्टँडवर उतरलो तेव्हा त्यांचा अर्थ अंगावर आला. पाऊस वरून पडत नव्हता, चारी बाजूंनी होता. छत्री उघडली, ती दोन मिनिटांत उलटी झाली. इथं छत्रीचा उपयोग नाही, रेनकोटच हवा आणि तोही गुडघ्याखाली येणारा. बॅगेतला प्रत्येक कपडा वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून आणला होता म्हणून निभावलं. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आई नऊवारी नेसते. नऊ वार ओलं लुगडं आंबोलीच्या हवेत दोन दिवसांत काय, आठ दिवसांत वाळायचं नाही. पहिल्या संध्याकाळी मी ते खोलीतल्या खोलीत दोरी बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं आणि इस्त्री मागून आणून वीतवीत सुकवत बसले. लाईट दोनदा गेली. आई कॉटवर बसून सांगत होती, "ऱ्हाऊ दे की, अंगावरच वाळंल." तिच्या गावी वाळलंही असतं.

खोलीचं मात्र ठरल्यासारखं झालं नाही. फोनवर तळमजला सांगितला होता, प्रत्यक्षात वरच्या अंगाला, बत्तीस पायऱ्या चढून. पायऱ्यांवर शेवाळ. आईचे गुडघे दुखतात हे मी दोनदा सांगितलं होतं. व्यवस्थापक म्हणाला, खालच्या खोल्या दिल्यात, उद्या बघू. मी तिथंच खुर्ची ओढून आईला बसवलं आणि म्हटलं, उद्या नाही, आत्ता बघा, तोपर्यंत आम्ही इथंच आहोत. अर्ध्या तासात खालची खोली निघाली. ज्यांच्याबरोबर म्हातारं माणूस आहे त्यांनी अशा वेळी गप्प बसू नये. शेवाळावरून एकदा पाय घसरला की सहल तिथंच संपते आणि पुढचं सगळं वर्ष बदलतं.

चार वाजता पाऊस थोडा उतरला तसे रिक्षा करून घाटातल्या मुख्य धबधब्याकडं गेलो. गावापासून सावंतवाडीच्या बाजूला तीन-चार किलोमीटर खाली, अगदी रस्त्याला लागून. वळण घेतलं आणि आधी आवाज आला. आईनं माझं मनगट धरलं. मंगळवार असल्यानं पंधरा-वीस माणसं होती, एवढीच. चहा-भजीच्या टपऱ्यांवर माकडं टपून बसलेली. हातात कणीस घेऊन उभं राहिलात तर ते तुमचं नाही हे समजून चाला.

धबधब्याला बाजूनं पायऱ्या आहेत. आई दोनच पायऱ्या चढली. चपला काढून एका कडेला ठेवल्या, पदर खोचला आणि पिशवीतून घरून आणलेला स्टीलचा तांब्या काढला. तो तिनं आणलाय हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं तो सरळ धारेखाली धरला. पाणी त्यात पडायचं आणि पडल्या जोरानं उसळून बाहेर यायचं. तांब्या काही भरेना. दोन्ही हातांनी धरला, तरी रिकामाच. पाण्याच्या मारानं हात खाली दबत होते. मग ती बाजूला सरकली. खडकाला चिकटलेल्या नेच्याच्या पानांवरून एक करंगळीएवढी धार गळत होती, तिच्याखाली तांब्या लावला. तो हळूहळू भरला. मग अर्धा ती प्यायली, अर्धा मला दिला. इतकं गार पाणी की दातांत कळ गेली. कोसळणाऱ्या पाण्याकडं बघून म्हणाली, "ह्येच्यानं भांडं भरत न्हाई."

वरच्या पायरीवर काही मुलं होती, धारेखाली जाऊन मनसोक्त भिजत होती. त्यातल्या एकानं आईला विचारलं, "आजी, येताय का?" आई लाजली. पण दहा मिनिटांनी मीच गेले. रेनकोट काढून ठेवला आणि पाठ धारेकडं करून उभी राहिले. पाणी पाठीवर मुठी मारल्यासारखं लागत होतं. श्वास घ्यायचा तर मान खाली घालावी लागत होती. बाहेर आले तेव्हा थंडीनं दात वाजत होते आणि खांद्यातलं वर्षभराचं ओझं कुठल्या कुठं गेलं होतं. आईनं आपल्या पदरानं माझं डोकं पुसलं. चाळीस वर्षांनी.

जेवण साधं, गरम आणि चांगलं होतं. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. रात्री आई लवकर झोपली आणि मी तासाभरासाठी एका वाटाड्याबरोबर बाहेर पडले. आंबोलीचा पावसाळा रात्री वेगळाच असतो, त्यासाठी तरी मुक्काम करावाच. विजेरीच्या उजेडात त्यानं आधी एका डबक्यावरच्या फांदीला लटकलेला पांढरा फेस दाखवला. मलबार उडता बेडूक असा फेसाचा गोळा करून त्यात अंडी घालतो आणि पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात. मग कातळावर बसलेला एक छोटासा भेक दाखवला, कुशीवर पिवळे पट्टे, वाघासारखे. झँथोफ्रायनी टायगेरिना, आंबोलीचा भेक. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढा जीव. "रात्रीची गाडी वेगात गेली तर हे रस्त्यावरच चिरडतात," वाटाड्या म्हणाला. परत येताना रिक्षा सायकलच्या वेगानं आली आणि मला त्याचं बरं वाटलं. खोलीत येऊन पायजमा झटकला तर घोट्याला जळू. मीठ लावलं, सुटली. रक्त बराच वेळ थांबत नाही, पण घाबरण्यासारखं त्यात काही नसतं.

बुधवारी सकाळी कावळेसाद. आंबोलीत जे काही मिळालं त्यातलं जास्तीत जास्त इथं मिळालं. रिक्षावाले मामा सावंतवाडीकडचे. वाटेतच म्हणाले, धुकं आहे, काही दिसायचं नाही, पण जाऊ. कड्यावर लोखंडी कठडा आहे. कठड्यापलीकडं पांढरं, फक्त पांढरं. दहा फुटांवरचं माणूस दिसत नव्हतं. आमच्यानंतर दोन गाड्या आल्या, लोक उतरले, पांढऱ्याचे फोटो काढले आणि पाच मिनिटांत गेले. मीही निघायच्या बेतात होते. मामा म्हणाले, "वायच थांबा. सुटात." आईला तर कसलीच घाई नव्हती. पावसाची वाट बघण्यात तिचा जन्म गेलाय. ती दगडावर रेनकोट टाकून बसली.

पाऊण तास बसलो. वारा खालून येत होता, दरीतून वर. आणि मग धुक्याला आधी एक भोक पडलं, त्यातून काळा ओला कडा दिसला, ते भोक फाटत गेलं आणि एका दमात सगळी दरी उघडी. समोरच्या कड्यावरून सात-आठ धारा सुटलेल्या. त्यातल्या बारक्या धारा कड्याच्या काठावरून खाली झेपावायच्या आणि निम्म्यातूनच परत वर यायच्या. वारा त्यांना उचलून पुन्हा पठारावर फेकत होता, धुरासारखं पाणी. त्याचे थेंब आमच्या तोंडावर खालून येऊन लागत होते. आई उठून उभी राहिली. "आगं, पानी वर चाललंय!"

मी तिला सांगायला लागले. समुद्रावरून वारा येतो, त्यात पाणी भरलेलं असतं. इथं सह्याद्रीची भिंत आडवी येते. वाऱ्याला पुढं जायचं तर वर चढावं लागतं, वर गार होतं, गार झालं की ढगातलं पाणी गळतं. सगळं इथंच, या काठावर. म्हणून इथं सात हजार मिलिमीटर. मग तोच वारा रिकामा होऊन डोंगर उतरून पलीकडं जातो, आजरा, गडहिंग्लज, पुढं आणखी कमी कमी होत आपल्या माणदेशापर्यंत. आपल्याकडं पोचतो तो कोरडा वारा. शाळेत याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

आई दरीकडंच बघत होती. मला वाटलं तिनं ऐकलं नाही. मग म्हणाली, "म्हंजी आमचा पाऊस हितं पडतोय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हरवलेलं जनावर कुणाच्या तरी गोठ्यात सापडावं आणि ते तिथं धडधाकट असावं, तशी ती बोलली. ७२ साली बांधावर उभं राहून आभाळाकडं बघायचो, ढग यायचे आणि नुसते वरून जायचे, ते रिकामे ढग होते हे आज कळलं, असं पुढं ती म्हणाली. मला यावर काही बोलता आलं नाही. चार-पाच मिनिटं दरी उघडी होती. मग धुकं परत भरलं आणि कठड्याचे गजही दिसेनात.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या कठड्याच्या पलीकडं जाऊन फोटो काढणारे दोघं आम्ही तिथं असतानाच आले होते. मामांनी दरडावून त्यांना मागं घेतलं. ओल्या कातळावर शेवाळ असतं, खालून वाऱ्याचा झोत येतो आणि मधेच बंद होतो. त्या वाऱ्यावर रेललेलं माणूस पुढं जातं. इथं जीव गेलेले आहेत. शिवाय कड्याच्या कडेला दारूच्या बाटल्यांच्या काचा पडलेल्या. आईनं आपल्या पिशवीत दोन बाटल्या उचलून घेतल्या. मी "नको गं" म्हटलं तर म्हणाली, "जनावराच्या पायात घुसंल."

दुपारी बेळगावच्या रस्त्यानं नांगरतासला गेलो. बाकी ठिकाणी पाणी उंचावरून रुंद पडतं, इथं उलटं आहे. नदी कातळातल्या एका अरुंद चिरेत शिरते आणि खोल खाली नाहीशी होते, फक्त गडगडाट येत राहतो. मी चीर म्हटलं, पण आईनं वाकून बघितलं आणि पटकन म्हणाली, "नांगराचं तास हाय की!" नांगर जातो आणि जमिनीत जी घळ पडते तिला तास म्हणतात. गावाचं नाव मी किती वेळा वाचलं असेन, त्यात नांगर आहे आणि तास आहे हे मला दिसलं नव्हतं. जिनं नांगरामागं चालून पाय झिजवले तिला पहिल्या नजरेत दिसलं. मग ती मामांना सांगत बसली की चांगल्या बैलजोडीचं तास किती सरळ पडतं, आणि मामाही त्यांच्या भातशेतीचं सांगू लागले. माणदेशी आणि मालवणी, दोघांनी अर्धा तास एकमेकांना बरोबर समजून घेतलं.

तिथून हिरण्यकेशी. जंगलातून थोडं चालावं लागतं, वाट सोपी आहे, आई काठी टेकत आली. महादेवाचं मंदिर गुहेच्या तोंडाशी आहे आणि त्या गुहेतूनच हिरण्यकेशी नदी बाहेर येते, पुढं कुंडात उतरते. याच कुंडात सापडलेल्या एका माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं आणि तो जपावा म्हणून २०२१ मध्ये सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. कुंडात साबण, शांपू, निर्माल्य काहीही जाऊ देऊ नये, एवढं तर प्रत्येकानं पाळावं.

आईनं दर्शन घेतलं आणि गुहेच्या अंधाराकडं बघत विचारलं, "आन् ही जाती कुटं?" मी सांगितलं. धबधब्याचं पाणी घाट उतरून कोकणात, अरबी समुद्राला जातं. पण ही नदी पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, मग कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. कृष्णा म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. "मंजी आपल्या टेंभूला?" मला नाही म्हणावं लागलं. आमच्या आटपाडीकडं येणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलतात, ते महाबळेश्वर-कोयनेकडचं. ही कृष्णेला मिळते ती कर्नाटकात बरंच पुढं गेल्यावर. आईनं थोडा विचार केला. "आसू दे. कुनाच्या तरी रानात जातंय न्हवं."

गुरुवारी परतीची एसटी पकडली ती आजऱ्यापर्यंतचीच. आजऱ्याजवळ रामतीर्थ आहे, हिरण्यकेशीवरच, आणि मला आईला ती नदी पुन्हा दाखवायची होती. रिक्षानं गेलो. देवळांच्या खालच्या अंगाला लाल, फुगलेलं पाणी रुंदच्या रुंद कातळांवरून खाली घुसत होतं. काठापासून बरंच मागं उभे राहिलो, जुलैमधल्या नदीचा भरवसा धरू नये. आई म्हणाली, "ही कुटली?"

"कालचीच. गुहेतली."

तिनं विश्वास बसत नसल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मग पिशवीतून तांब्या काढला. पण काठावर जायला मीच देईना, तेव्हा देवळाच्या पायरीवर साचलेल्या पाण्यात बोटं बुडवून तिनं डोळ्यांना लावली, एकदा स्वतःच्या, एकदा माझ्या. तिसरं लुगडंही ओलं झालं होतं. कनवटीचं तिकीट चाचपून बघितलं आणि म्हणाली, "कोल्लापूरची गाडी कितीची हाय?"